'उघडलंत कशाला?' असे विचारणाऱ्यांना

महिला दिनाचा सरकारी कार्यक्रम कसा असतो ते या अंकाच्या वाचक मैत्रिणींना नव्याने सांगायला नको. रांगोळी, गुलाबाचे फूल, सत्कार आणि शेवटी कोणीतरी साहेब बायकांना 'सुरक्षित कसे राहावे' यावर चार शब्द सांगतात. गेल्या ८ मार्चला आमच्या तालुक्याच्या गावी विषय होता संगणक आणि सायबर गुन्हे. पाऊण तासाच्या भाषणाचे सार एवढेच की अनोळखी मेल उघडू नका, भलत्या लिंकवर बोट लावू नका, स्वतःचे फोटो टाकू नका. प्रश्नोत्तरांत एक अंगणवाडी सेविका उठली. तिच्या संगणकात काहीतरी शिरले होते, तिच्या नावाने लोकांना मेल जात होते, ते कसे थांबवायचे असे ती विचारत होती. साहेब हसून म्हणाले, "पण ताई, तुम्ही ते उघडलंतच कशाला?" सभागृह हसले. ती खाली बसली.

हा प्रश्न आपण किती वर्षे ऐकतो आहोत! रात्री बाहेर पडलीसच कशाला, त्याच्याशी बोललीसच कशाला, असे कपडे घातलेसच कशाला. आता त्यात मेल उघडलासच कशाला याची भर पडली. ज्याने दार फोडले तो कुठेच नाही, चौकशी होते ती कडी नीट लावली होती का याची. मला त्या दिवशी उठून उत्तर देता आले नाही. ते आज देते आहे. अर्थात ते एकट्या साहेबांना नाही, आपल्यालाही आहे. कारण आपल्या संस्थांमध्येही हाच प्रश्न विचारला जातो, आणि मीही तो विचारला आहे.

आधी हे ट्रोजन म्हणजे काय ते पाहू. संगणकातला व्हायरस स्वतःच्या प्रती काढत एका फायलीतून दुसरीत पसरत जातो. ट्रोजन सहसा तसा पसरत नाही. तो कोणत्यातरी उपयोगी वस्तूचे सोंग घेऊन येतो आणि कोणीतरी त्याला हाताने आत घ्यावे लागते. नाव आले ट्रॉयच्या लाकडी घोड्यावरून. दहा वर्षे वेढा घालूनही शहर पडेना, तेव्हा ग्रीकांनी मोठा घोडा बांधला, पोटात सैनिक बसवले आणि माघारी गेल्याचे नाटक केले. ट्रॉयच्या लोकांनी घोडा आत ओढून नेला. एक गोष्ट मात्र ही कथा सांगताना राहून जाते. घोड्यात घात आहे हे तिथल्या एका बाईने, राजकन्या कॅसँड्राने सांगितले होते. तिचे कोणी ऐकले नाही, तिला वेडी ठरवले. आणि शहर पडल्यावर गुलाम म्हणून वाटल्या गेल्या त्या ट्रॉयच्या बायकाच.

सोंग कशाचे घ्यायचे हे समोरचा माणूस पाहून ठरते. १९८९ च्या डिसेंबरात जगभर सुमारे २० हजार लोकांना टपालाने एक फ्लॉपी आली. एड्सविषयी माहिती आणि धोका तपासण्याची प्रश्नावली असे तिचे स्वरूप होते. जागतिक आरोग्य संघटनेच्या एड्स परिषदेला आलेल्यांचे पत्तेही त्या यादीत होते. फ्लॉपी घातली की प्रश्नावली खरोखरच चालायची. पण संगणक साधारण ९० वेळा सुरू झाल्यावर आतल्या फायलींची नावे कुलूपबंद व्हायची आणि पडद्यावर मागणी यायची की पनामातल्या एका टपालपेटीवर १८९ डॉलर पाठवा. ही फ्लॉपी उघडणारे लोक कोण होते? आरोग्याचे काम करणारे, नवी माहिती मिळतेय म्हणून हात पुढे करणारे. म्हणजे तुमच्या-माझ्यासारखेच. काम करणाऱ्या माणसाला आलेले कागद उघडावेच लागतात. आमच्या केंद्रात रोज अनोळखी बायकांचे, वकिलांचे, सरकारी खात्यांचे मेल येतात. 'अनोळखी मेल उघडू नका' हा सल्ला आम्ही पाळला तर केंद्राला कुलूपच लावावे लागेल.

आज तो घोडा कोणकोणत्या रूपात येतो? 'कोर्टाची नोटीस' असे नाव असलेली फाइल. नावाच्या शेवटी पीडीएफ दिसते, पण विंडोजने खरे शेपूट लपवलेले असते आणि ते असते ईएक्सई, म्हणजे कागद नसून कार्यक्रम! वर्डची एखादी फाइल उघडली की वर पिवळी पट्टी येते, 'मजकूर दिसण्यासाठी परवानगी द्या'. ती परवानगी दिली की फाइलमधली लपलेली आज्ञावली, जिला मॅक्रो म्हणतात, ती चालते. ब्राउझरमध्ये 'तुमचा संगणक बाधित आहे, इथे दाबा' अशी घाबरवणारी पाटी येते आणि बाधा तिथूनच सुरू होते. मोबाइलवर लग्नपत्रिका किंवा वाहनाच्या दंडाची पावती म्हणून एपीके फाइल येते. पत्रिका म्हणजे चित्र किंवा पीडीएफ. ती उघडायला नवे अ‍ॅप बसवावे लागत असेल तर ती पत्रिका नव्हे.

आणि सगळ्यांत जुना, सगळ्यांत घरगुती रस्ता म्हणजे फुकट मिळालेले सॉफ्टवेअर. आपल्या संस्थांमध्ये मराठी टायपिंगचे फाँट, पेजमेकर, विंडोज, सगळे 'कोणीतरी टाकून दिलेले' असते. पैसे नसतात, मान्य आहे. अहवाल उद्या द्यायचा असतो, तेही मान्य. पण कुलूप तोडलेले सॉफ्टवेअर चालावे म्हणून आधी अँटिव्हायरस बंद करायला सांगतात, आणि आपण तो बंद करतो. राखणदाराला सुट्टी देऊन पाहुण्याला आत घेतो.

यातल्या प्रत्येक ठिकाणी कोणीतरी काहीतरी उघडले, हे खरे. पण एक रस्ता असा आहे की त्यात बाईने काहीच उघडलेले नसते. तिथे उघडणारा तिच्याच घरात असतो.

चारेक वर्षांपूर्वी आमच्या केंद्रात एक बाई येऊ लागल्या. पतपेढीत हिशेबनीस, दोन मुले, सासरी मारहाण. ओळख पटू नये म्हणून बाकी तपशील सोडते. त्यांचे म्हणणे असे की मी वकिलांना काय लिहिते, भावाला काय लिहिते, ते सगळे नवऱ्याला कळते. शब्दन् शब्द कळतो. मेल पाठवला की संध्याकाळी जेवताना तो त्यातलेच वाक्य बोलून दाखवतो. आम्ही फोन पाहिला, त्यात काही सापडले नाही. "ताई, माझ्या घरात भिंतीला डोळे आहेत," त्या म्हणायच्या. मी समाजकार्याची पदव्युत्तर पदवी घेतलेली, समुपदेशनाचे पेपर उत्तम गुणांनी सुटलेले. मी केसपेपरवर लिहिले, 'दीर्घकालीन तणावामुळे संशयी वृत्ती. मानसोपचारतज्ज्ञांकडे पाठवावे.' ते अक्षर माझे आहे. कॅसँड्राची गोष्ट मी वर उगाच सांगितली नाही.

पुढे आमच्या एका कार्यकर्तीच्या मुलीने, ती संगणकशास्त्र शिकते, त्यांचा लॅपटॉप पाहिला. संगणक सुरू होताच आपोआप चालू होणाऱ्या कार्यक्रमांच्या यादीत एक नाव होते, ध्वनियंत्रणेच्या नावासारखे, पण बसवलेले भलत्याच जागी. तो दूरनियंत्रणाचा ट्रोजन निघाला. बाई टाइप करतील ते प्रत्येक अक्षर तो टिपत होता, ठरावीक वेळाने पडद्याचे चित्र काढत होता आणि सारे बाहेर पाठवत होता. बाई स्वयंपाकघरात असताना दहा मिनिटे लॅपटॉप हाती असणे एवढेच त्यासाठी पुरे होते.

मग मी दुसरी चूक केली, पहिलीपेक्षा मोठी. म्हटले, ताबडतोब फॉरमॅट मारा! त्याच दुपारी लॅपटॉप साफ केला आणि त्यांना घरी पाठवले. आम्हाला मोठे काम केल्यासारखे वाटत होते. पलीकडे त्याच्या पडद्यावर माहिती येणे बंद झाले, आणि आपण सापडलो हे त्याला त्याच क्षणी कळले. त्या रात्री त्यांना मारून घराबाहेर काढले. मुले आत राहिली. पोलीस ठाण्यात गेलो तर पहिला प्रश्न, पुरावा कुठे आहे? पुरावा आम्हीच पुसला होता.

हे एखाद्या विकृत नवऱ्याचे उदाहरण म्हणून बाजूला ठेवता येणार नाही. ऑस्ट्रेलियाच्या संघराज्य पोलिसांनी 'इमिनंट मॉनिटर' नावाच्या अशाच एका ट्रोजनचा माग काढला. किंमत सुमारे ३५ ऑस्ट्रेलियन डॉलर. १२८ देशांत १४ हजारांहून अधिक लोकांना तो विकला गेला होता, आणि बनवणाऱ्याने तो बनवायला घेतला तेव्हा तो १५ वर्षांचा होता. २०१९ मध्ये तो बंद पाडला, २०२२ मध्ये बनवणाऱ्यावर आरोप ठेवले. त्या वेळी पोलिसांनी जी गोष्ट जाहीर केली ती चळवळीतल्या प्रत्येकीने लक्षात ठेवावी अशी आहे. ऑस्ट्रेलियातल्या ज्या ग्राहकांची ओळख पटली त्यांतल्या १४.२ टक्के लोकांवर घरगुती हिंसाचाराचे संरक्षण आदेश होते. त्यांतल्या बहुतेकांनी हे ट्रोजन विकत घेतले ते आदेश चालू असताना, किंवा आदेश निघण्याआधीच्या दोन वर्षांत. म्हणजे जी बाई धडपडून कायद्यापर्यंत पोचते आहे, तिच्याच पाळतीसाठी ही खरेदी!

आता लक्षणे. मागायला येणाऱ्या प्रत्येकीला यादी हवी असते, तर ऐका. काम नसताना संगणक मंदावतो, पंखा घरघरत राहतो. अँटिव्हायरस आपोआप बंद होतो, पुन्हा चालू करू देत नाही. कॅमेऱ्याचा दिवा कारणाशिवाय लागतो. ब्राउझरचे पहिले पान बदलते, नको त्या जाहिराती येतात. माउसचा बाण आपला आपण सरकतो. इंटरनेटचा डेटा महिना संपण्याआधीच संपतो. पाठवलेल्या मेलमध्ये आपण न पाठवलेला मेल दिसतो, किंवा मेलच्या खात्यात आपल्या नसलेल्या यंत्रावरून प्रवेश झाल्याची नोंद सापडते. कंट्रोल, शिफ्ट आणि एस्केप या कळा एकदम दाबून सुरुवातीला चालणाऱ्या कार्यक्रमांची यादी पाहिली तर त्यात अनोळखी नाव असते. यातले एखादे लक्षण साध्या म्हाताऱ्या यंत्राचेही असू शकते. पंखा वाजतो म्हणून घाबरून जाऊ नये.

पण खरे सांगायचे तर हातखंडा कारागिराचा ट्रोजन यातले काहीच दाखवत नाही. न दिसणे हेच त्याचे काम. आमच्या त्या बाईंच्या लॅपटॉपचा पंखा वाजत नव्हता, दिवा लागत नव्हता. सर्वांत मोठे लक्षण यंत्रात नव्हतेच, ते बाईच्या बोलण्यात होते: मी न सांगितलेले त्याला कळते. बाळंतपणानंतर अंगावरून जाते म्हणून सांगणाऱ्या बाईला 'सगळ्यांनाच होतं' म्हणून परत पाठवणाऱ्या डॉक्टरांविरुद्ध आपण शिबिरे घेतली. बाईला तिच्या शरीराविषयी जे कळते ते खरे धरा, असा आपला आग्रह होता. मग तिला तिच्या यंत्राविषयी जे जाणवते ते खरे का धरायचे नाही?

हे फक्त नवरा-बायकोचे प्रकरण आहे असे कोणी समजत असेल तर भीमा कोरेगाव प्रकरण आठवावे. दिल्लीचे कार्यकर्ते रोना विल्सन यांच्या संगणकाची तपासणी त्यांच्या वकिलांच्या विनंतीवरून अमेरिकेतल्या आर्सेनल कन्सल्टिंग या संस्थेने केली. २०२१ च्या फेब्रुवारीत बाहेर आलेल्या त्यांच्या अहवालानुसार, १३ जून २०१६ रोजी विल्सन यांना वरवरा राव यांच्या खात्यावरून मेल आले आणि एक दस्तऐवज उघडायला सांगितले गेले. त्यातून नेटवायर नावाचा ट्रोजन बसला. हल्लेखोराचा वावर २२ महिन्यांहून थोडा अधिक काळ होता आणि त्या काळात एका लपवलेल्या फोल्डरमध्ये आरोपाचा आधार ठरलेली पत्रे ठेवली गेली. ती पत्रे त्या संगणकावर कधी उघडल्याची खूण सापडली नाही, असेही संस्थेने म्हटले. तपासयंत्रणेने हा निष्कर्ष मान्य केलेला नाही. विल्सन यांना जून २०१८ मध्ये अटक झाली, मुंबई उच्च न्यायालयाचा जामीन मिळाला जानेवारी २०२५ मध्ये. याच प्रकरणात नागपूरच्या प्राध्यापक शोमा सेन आणि वकील सुधा भारद्वाज यांनीही काही वर्षे तुरुंगात काढली. दोघीही बायकांच्या आणि कामगारांच्या प्रश्नांवर आयुष्यभर काम केलेल्या.

त्या मेलमध्ये अनोळखी काय होते? मेल परिचिताच्या खात्यावरून आला होता. आता विचारा, उघडलंत कशाला?

एवढे सगळे माहीत असून आपल्या संस्थांमध्ये काय चालते? बलात्काराच्या केसचे कागद आपण गोदरेजच्या कपाटात ठेवतो, चावी कमरेला. त्याच केसची टाइप केलेली जबानी असते टेबलावरच्या संगणकात, ज्याचा पासवर्ड असतो संस्थेचे नाव आणि १२३, आणि तोही चिठ्ठीवर लिहून पडद्याला चिकटवलेला! त्यावर शनिवारी विश्वस्तांचा पुतण्या गेम खेळतो. बिघडला की कोपऱ्यावरचा दुरुस्तीवाला तो दुकानात नेतो आणि चार दिवसांनी आणून देतो. चार दिवस त्या दीडशे बायकांची आयुष्ये कुणाच्या हातात होती, याची नोंद कुठल्याही रजिस्टरात नसते. विंडोज १० चा नेहमीचा आधार १४ ऑक्टोबर २०२५ रोजी संपला, तरी कित्येक केंद्रांत तेच चालू आहे. देणगीदारांना प्रस्ताव लिहिताना आपण सतरंज्या, प्रवासखर्च, चहा सगळे लिहितो. संगणकाच्या सुरक्षेसाठी रुपया लिहीत नाही. 'ते आपले काम नाही, ते मुलांना कळतं' असे म्हणणाऱ्या ज्येष्ठ कार्यकर्त्या मी पाहिल्या आहेत. त्यांच्याविषयी मला आदर आहे. पण कोर्टाची भाषाही आपली नव्हती, ती आपण शिकलोच ना?

कायद्याकडे वळले की आणखी एक गंमत दिसते. माहिती तंत्रज्ञान कायदा, २००० च्या कलम ४३ मध्ये दुसऱ्याच्या संगणकात असे काही घालणे गैर आहे, आणि अप्रामाणिक हेतू असेल तर कलम ६६ खाली तीन वर्षांपर्यंत कैद आहे. पण कलम ४३ बोलते मालकाच्या परवानगीविषयी. मालक कोण? ज्याच्या नावावर बिल तो! सातबाऱ्यावर बाईचे नाव नाही तसे लॅपटॉपच्या बिलावरही नाही. पोलीस ठाण्यात आम्हाला हेच ऐकवले, "यंत्र त्याचं, त्यात त्याने काय टाकावं हा त्याचा प्रश्न." अशा वेळी बोट ठेवायचे ते भारतीय न्याय संहितेच्या कलम ७८ वर, जे पूर्वी भारतीय दंड संहितेत ३५४ ड म्हणून होते. बाईच्या इंटरनेटच्या, मेलच्या वापरावर पाळत ठेवणे हा तिथे गुन्हा आहे. त्यात यंत्राच्या मालकीचा प्रश्न नाही आणि नवऱ्याला वेगळी सूट लिहिलेली नाही. शिवाय २००५ चा घरगुती हिंसाचाराचा कायदा आहेच. संरक्षण अधिकाऱ्यांकडच्या अर्जात ही पाळत स्पष्ट शब्दांत लिहावी, 'मानसिक त्रास' या दोन शब्दांत गुंडाळू नये.

माझ्या चुकीतून शिकलेले तेवढे सांगते. संशय आला तर त्या यंत्रावर त्याविषयी एक अक्षर टाइप करायचे नाही, शोधायचेही नाही. केंद्रातल्या किंवा मैत्रिणीच्या दुसऱ्या, स्वच्छ यंत्रावरून नवा मेल काढायचा, पासवर्ड तिथूनच बदलायचे, आणि खात्री करण्याचा जादा क्रमांक नवऱ्याच्या नावाच्या सिमवर येणार नाही असे पाहायचे. पण पासवर्ड बदलला हेही त्याला कळते, म्हणून बाई आणि मुले रात्री कुठे राहतील हे आधी ठरवायचे, यंत्राला हात नंतर. बाई घरातच राहणार असेल तर काही दिवस जुना मेल जुन्याच साध्या मजकुरासाठी चालू ठेवावा लागतो, वकिलाशी बोलणे नव्यावरून. पडद्यावर जे दिसते त्याचे दुसऱ्या फोनने फोटो काढावेत, तारीख-वेळ वहीत लिहावी, नवऱ्याने कोणते वाक्य कधी बोलून दाखवले तेही. तक्रार करायची असेल तर फॉरमॅट मारू नये. इंटरनेट तोडून यंत्र तसेच तपासणीसाठी द्यावे आणि पोचपावती घ्यावी. तक्रार करायचीच नसेल आणि बाई सुरक्षित जागी असेल, तर मग खुशाल फॉरमॅट मारा. त्याआधी लागणारे कागद आणि फोटो तेवढे बाजूला काढावेत, कार्यक्रमांच्या फायली बरोबर घेऊ नयेत, नाहीतर घोडा पुन्हा आत येतो.

आमच्या केंद्रात आता केसच्या नोंदींचा संगणक वेगळा आहे आणि त्यावर गेम नाही, चोरीचा फाँट नाही. टायपिंगसाठी युनिकोड वापरतो, ते फुकट आहे आणि प्रामाणिकही. पुतण्याला नाही म्हणताना विश्वस्त महिनाभर रुसले होते. दुरुस्तीसाठी यंत्र बाहेर जात नाही, त्या कार्यकर्तीची मुलगी येऊन समोर बसून करते. तिला आम्ही मानधन देतो, हेही मुद्दाम सांगते, कारण आधी दोन वर्षे आम्ही तिच्याकडून फुकट करून घेत होतो.

त्या पतपेढीतल्या बाईंना मुले मिळायला चौदा महिने लागले. त्यांच्या केसपेपरवरची ती ओळ मी खोडलेली नाही. खाली तारीख घालून लिहिले आहे, 'बाईचे म्हणणे खरे होते,' आणि सही केली आहे. जिल्ह्यातल्या सगळ्या केंद्रांच्या पुढच्या बैठकीत मी दोन मागण्या मांडणार आहे. आपल्या छापील केसपेपरात 'तुम्ही न सांगितलेले कोणाला कळते का?' हा प्रश्न घालावा, आणि पुढच्या ८ मार्चला संगणकावर बोलायला त्या मुलीला बोलवावे. अंगणवाडीच्या त्या ताईंना पहिल्या रांगेत बसवायची जबाबदारी माझी.